फांगजी: नाव एकच, मूळ कोणतं?

चिनी काष्ठौषधींच्या दुकानात फांगजी मागितली की तराजूत मूठभर चकत्या पडतात. करड्या-पांढऱ्या, खडूसारख्या. चुरडल्या तर बोटांना पीठ लागतं, जिभेवर ठेवल्या तर कडू. चकतीच्या मध्यापासून कडेपर्यंत बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या विरळ रेघा गेलेल्या असतात. अख्खं मूळ हातात घेतलं तर ते वेडंवाकडं, गाठाळ, जागोजागी खोल वळ्या पडलेलं दिसतं. चिनी व्यापारी त्याला डुकराच्या मोठ्या आतड्याची उपमा देतात. उपमा फारशी सुंदर नाही, पण एकदा ऐकली की ते मूळ ओळखायला चुकत नाही.

ही वेल आपल्या गुळवेलीच्या कुळातली. शास्त्रीय नाव स्टेफानिया टेट्रान्ड्रा. आपल्याकडची वसनवेल आणि पहाडमूळ हीही तिची भावंडंच. चीनच्या चजियांग, आन्हुई, जियांगशी या पूर्वेकडच्या प्रांतांत ती उगवते. औषध म्हणून फांगजीचं नाव फार जुनं. सुमारे १८०० वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या शेवटी, चांग चुंगचिंग नावाच्या वैद्याने दिलेल्या पाठांमध्ये ते येतं. अंगाला सूज, पायांत पाणी, सांधे धरलेले, जडपणा अशा तक्रारींवर ते द्यायचे. चिनी वैद्यकाच्या भाषेत सांगायचं तर शरीरातला ‘वारा आणि ओल’ बाहेर काढायला.

आणि हे मूळ नुसतं श्रद्धेवर चाललेलं नाही. त्यात टेट्रान्ड्रीन नावाचं रसायन (अल्कलॉइड) असतं. पेशींत कॅल्शियम शिरण्याच्या वाटा ते अडवतं, म्हणजे आपल्याकडे घरोघरी रक्तदाबासाठी घेतात ती अम्लोडिपीनची गोळी जे काम करते, साधारण त्याच जातीचं काम. दगडाची बारीक धूळ छातीत जाऊन होणाऱ्या सिलिकोसिसवर चीनमध्ये टेट्रान्ड्रीनच्या गोळ्या वापरतात.

मग भानगड कुठे आहे? भानगड अशी, की १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये या मुळाच्या नावावर शंभराहून जास्त माणसांच्या किडन्या खराब झाल्या, बहुतेक सगळ्या बायका. आणि त्यांनी खाल्लेल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये हे मूळ नव्हतंच.

झालं ते असं. ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याचं एक क्लिनिक होतं. तिथे बरीच वर्षं भूक मारणाऱ्या आणि लघवी वाढवणाऱ्या औषधांचं मिश्रण कॅप्सूलमधून दिलं जाई. १९९० मध्ये त्या मिश्रणात दोन चिनी वनस्पतींची पूड घालायला सुरुवात झाली. त्यातली एक मॅग्नोलियाची साल आणि दुसरी, कागदावर तरी, स्टेफानिया टेट्रान्ड्रा. १९९२ मध्ये शहरातल्या किडनीच्या डॉक्टरांकडे दोन तरुण बायका आल्या. दोघींच्या किडन्या झपाट्याने निकामी होत होत्या. मधुमेह नाही, रक्तदाबाचा जुना इतिहास नाही. दोघीही त्याच क्लिनिकमध्ये जाऊन आलेल्या, हा एवढाच धागा.

किडनीतज्ज्ञ ज्याँ-लुई व्हानहरवेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरभरच्या डायलिसिस केंद्रांत विचारपूस केली तेव्हा आणखी रुग्ण निघाले. १९९३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी नऊ जणींची हकिकत छापली. सगळ्या पन्नाशीच्या आतल्या.

किडनीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा चित्र विचित्र होतं. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यापुढे गाळलेलं पाणी वाहून नेणाऱ्या, त्यातलं कामाचं परत घेणाऱ्या लांब नळ्या. मधुमेहात सहसा गाळणी आधी बिघडते. इथे गाळण्या बऱ्यापैकी शाबूत होत्या, पण नळ्या सुकून गेलेल्या आणि नळ्यांमधल्या मऊ जागेत नुसते व्रण, जखम भरून आल्यावर कातडी निबर होते तसे. वैतागवाणी गोष्ट म्हणजे अशा किडनीतून लघवीत प्रथिनं फार जात नाहीत, सूज येत नाही, दुखत तर मुळीच नाही. रुग्णाला कळतं तेव्हा बरंचसं होऊन गेलेलं असतं. कधी कधी आधी लक्षात येतो तो रक्तक्षय, किडनीच्या बिघाडाच्या मानाने जरा जास्तच वाटणारा.

आता कॅप्सूलच्या पुडीकडे वळू. स्टेफानिया असेल तर टेट्रान्ड्रीन सापडायला हवं. बहुतेक नमुन्यांत ते नव्हतं. १९९४ मध्ये त्याऐवजी सापडलं ॲरिस्टोलोकिक आम्ल. हे आम्ल स्टेफानियात नसतं. ते असतं ॲरिस्टोलोकिया या अगदी वेगळ्या कुळातल्या वेलींमध्ये. त्यातली एक ॲरिस्टोलोकिया फांगची. नाव वाचूनच लक्षात आलं असेल.

कारण बाजारात तिलाही फांगजीच म्हणतात.

इथे जरा थांबतो, कारण सगळ्या गुंत्याचं मूळ (हो, मूळच) इथे आहे. वनस्पतिशास्त्रात एका झाडाला एक नाव. काष्ठौषधींच्या बाजारात नाव झाडाला नसतं, कामाला असतं. सूज उतरवणारं, सांध्यांना चालणारं, चकतीवर चाकाच्या रेघा असणारं कडू मूळ म्हणजे फांगजी. मग त्यात पोटभेद. पिठूळ ते ‘फन फांगजी’, म्हणजे पूड-फांगजी, ते स्टेफानिया. ग्वांगडाँग-ग्वांगशीकडून येणारं ते ‘ग्वांग फांगजी’; ते ॲरिस्टोलोकिया. शिवाय लाकडासारखं टणक ते ‘मू फांगजी’, तिसरीच वेल. जाणता वैद्य चकती उचलून सांगेल, ही यातली कोणती. ग्वांग फांगजीच्या रेघा दाट असतात आणि वरची साल बुचासारखी जाड. पण परदेशी पाठवायच्या पोत्यावर नुसतं ‘फांगजी’ लिहिलं, आणि तिकडे पोहोचल्यावर त्याची पूड करून कॅप्सूलमध्ये भरली, की चकती गेली, रेघा गेल्या, साल गेली. उरला तो फक्त कडवटपणा, आणि तो तर दोन्हींत असतो.

आणि हे चोरटेपणाने चाललेलं नव्हतं. तेव्हा चीनच्या अधिकृत औषधकोशात दोन्ही मुळांना जागा होती. भेसळ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर मिरचीपुडीत विटेची भुकटी येते. हा प्रकार तसा नाही. कुणीतरी पाव किलो फांगजी मागितली, कुणीतरी पाव किलो फांगजी दिली.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. काष्ठौषधींच्या दुकानात ब्राह्मी मागून पाहा. दुकानदार जाणता असला तर तो आधी विचारेल, ‘कोणती?’ कारण कुंडीत लावतात ती बेडकाच्या पावलासारख्या गोल पानांची एक, तिला मंडूकपर्णी म्हणतात, आणि ओलसर जागी पसरणारी बारीक मांसल पानांची दुसरी, जलब्राह्मी. दोन्हींची कुळं वेगळी, आतली रसायनं वेगळी, तेलाच्या बाटलीवर नाव एकच. रास्नेचं तर विचारू नका. उत्तरेत एक झुडूप, केरळात आल्याच्या जातीचा कंद, बंगालात झाडावर वाढणारं ऑर्किड, सगळी रास्ना. आयुर्वेदात या गोंधळाला नाव आहे, ‘संदिग्ध द्रव्य’. आणि एक औषधी मिळाली नाही तर तिच्या जागी कोणती चालेल याच्याही याद्या आहेत, त्या ‘प्रतिनिधी द्रव्यां’च्या. बहुतेक वेळा या अदलाबदलीने फार तर गुण येत नाही. फांगजीच्या बाबतीत प्रतिनिधीच विषारी निघाला.

हे विष करतं काय? रसायनशास्त्राचा धडा न घेता सांगायचा प्रयत्न करतो. किडनीच्या नळ्यांच्या पेशींवर लहान पंप असतात. रक्तातली नको असलेली आम्लं ओढून लघवीत टाकणं हे त्यांचं काम. ॲरिस्टोलोकिक आम्लही ते इमानदारीने ओढून घेतात, त्यामुळे सगळ्या शरीरातलं विष नेमकं या पेशींमध्ये गोळा होतं. पेशीतली एन्झाइमं त्याचा निचरा करायला जातात आणि उलटंच होतं. त्या प्रक्रियेत त्याचं एक चिकट, आक्रमक रूप तयार होतं आणि ते जाऊन डीएनएला चिकटतं. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली पोथी. हे रेणू त्यातल्या ‘ए’ या अक्षराला विशेष करून चिकटतात.

आता पेशी दुभंगताना या पोथीची नक्कल होते. नक्कल करणाऱ्या लेखनिकासमोर ‘ए’वर डाग पडलेला आहे. अक्षर नीट दिसत नाही. तो अंदाजाने ‘टी’ लिहून पुढे जातो. शरीरात डाग शोधून काढणारी दुरुस्तीची माणसंही असतात, पण हा विशिष्ट डाग त्यांच्या नजरेतून बऱ्यापैकी सुटतो. म्हणून तो वर्षानुवर्षं, अगदी दशकांनंतरही, किडनीच्या पेशींत सापडतो. ‘ए’च्या जागी ‘टी’ हा बदल इतर कारणांनी इतक्या प्रमाणात होत नाही. त्यामुळे एखाद्याच्या गाठीतला डीएनए वाचून त्यात अशा चुकांची रांग दिसली, की औषध कोणतं घेतलं होतं ते रुग्ण विसरला असला तरी गाठ विसरलेली नसते.

गाठ म्हणालो, कारण गोष्ट किडनीवर थांबली नाही. बेल्जियममधल्या रुग्णांना पुढे मूत्रमार्गाच्या अस्तराचा कॅन्सर होतोय असं दिसू लागलं. ज्यांच्या किडन्या पूर्ण बंद पडल्या होत्या आणि डायलिसिस किंवा प्रत्यारोपण झालं होतं, त्यांना डॉक्टरांनी सुचवलं की निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून टाकू. ३९ जण तयार झाले. काढलेले अवयव तपासले तेव्हा १८ जणांमध्ये कॅन्सर निघाला. उरलेल्या २१ पैकी १९ जणांच्या पेशी बिघडण्याच्या वाटेवर होत्या. २००० साली हे छापून आलं. ज्यांनी एकूण २०० ग्रॅमपेक्षा जास्त पूड घेतली होती त्यांच्यात धोका अधिक होता. २०० ग्रॅम म्हणजे किती? स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यातल्या दोन-तीन वाट्या.

सुरुवातीला या आजाराचं नाव पडलं ‘चिनी वनस्पतींचा मूत्रपिंडविकार’. हे नाव चुकीचं होतं आणि अन्यायाचंही. चीनमध्ये शेकडो वनस्पती वापरतात, दोष एका रेणूचा. शिवाय हाच आजार चीनपासून हजारो मैल दूर, चिनी औषधाचं तोंडही न पाहिलेल्या शेतकऱ्यांना होत होता. डॅन्यूब नदीला मिळणाऱ्या नद्यांकाठी, बोस्निया, क्रोएशिया, सर्बिया, बल्गेरिया, रोमानियातल्या काही ठरावीक खेड्यांत, १९५०च्या दशकापासून एक किडनीचा आजार माहीत होता. एका घरात, दुसऱ्यात नाही. एका गावात, शेजारच्या गावात नाही. पाण्यापासून शापापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. उत्तर गव्हाच्या शेतात होतं. तिथे ॲरिस्टोलोकियाची युरोपीय जात तण म्हणून उगवते. कापणीत तिच्या बिया गव्हाबरोबर येत, गिरणीत दळल्या जात आणि रोज पावात भाजल्या जात. २००७ मध्ये क्रोएशियातल्या रुग्णांच्या किडनीत तेच डाग आणि गाठींत तीच ‘ए’ची ‘टी’ सापडली, तेव्हा वाद मिटला. आता नाव ‘ॲरिस्टोलोकिक आम्लाचा मूत्रपिंडविकार’ असं आहे. लांबलचक आहे, पण खरं आहे.

सगळ्यात मोठा फटका मात्र तैवानला बसला असावा. तिथे चिनी वैद्याची औषधंही राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतात, त्यामुळे कुणी काय घेतलं याची संगणकावर नोंद आहे. दोन लाख लोकांच्या नमुन्यावरून दिसलं, की १९९७ ते २००३ या काळात जवळपास तीनात एकाला ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली किंवा असण्याची शक्यता असलेली वनस्पती लिहून दिली गेली होती. मूत्रवाहिनी आणि किडनीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर जगात सर्वाधिक जिथे आढळतो त्यांत तैवान आहे. २०१७ मध्ये तिथल्या ९८ यकृताच्या गाठी तपासल्या, तर ७८ टक्क्यांमध्ये तीच सही मिळाली.

मग हजारो वर्षांचा अनुभव कुठे गेला, असा प्रश्न येतो. मला या सगळ्यात हाच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. अनुभव खोटा नसतो, पण त्याची नजर जवळची असते. बचनाग घ्या. चीनमध्ये त्याच्याच जातीचं फूत्झ नावाचं मूळ वापरतात. चुकीचं दिलं तर तोंडाला मुंग्या येतात, तासाभरात हृदयाची लय बिघडते, माणूस दगावतो. कारण आणि परिणाम एकाच दुपारी समोर. म्हणून आपल्या वैद्यांनी बचनाग गोमूत्रात आणि दुधात शुद्ध करायला शिकलं, चिन्यांनी फूत्झ मिठाच्या पाण्यात मुरवून उकडायला शिकलं, आणि खरोखरच त्या उकळण्याने विषाची धार कमी होते. परंपरेने हा धडा माणसं गमावूनच घेतला, पण घेतला.

ॲरिस्टोलोकियाचं काय? आज काढा घेतला, सूज उतरली, रुग्ण वैद्याला नमस्कार करून घरी गेला. दहा-वीस वर्षांनी लघवीतून रक्त आलं. त्या दिवशी त्या काढ्याची आठवण कोणाला येणार? वैद्य कदाचित हयातही नसेल. कोणताही अनुभवी, प्रामाणिक, हुशार माणूस हा धागा नुसत्या डोळ्यांनी जोडू शकत नाही. त्याला हजारो माणसांच्या नोंदी लागतात, सूक्ष्मदर्शक लागतो, डीएनए वाचणारं यंत्र लागतं. १९६४ मध्ये चीनमध्ये मू-थोंग नावाच्या औषधाने दोघांच्या किडन्या बंद पडल्याची नोंद झाली होती. त्या मू-थोंगच्या जागीही ॲरिस्टोलोकियाच वापरली जायची. पण तिथे मात्रा भलतीच मोठी होती, परिणाम लगेच दिसला, म्हणून नोंद तरी झाली. हळू मारणारं विष अनुभवाच्या चाळणीतून खाली गळून जातं. ‘इतकी वर्षं घेतायत, कुणाला काही झालं का?’ हा युक्तिवाद बचनागाला लागू पडतो, इथे नाही.

पुढचं पटकन सांगतो. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲरिस्टोलोकियावर बंदी घातली, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये इशारा दिला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००२ मध्ये या वनस्पतींची औषधं माणसात कॅन्सर करतात अशा पहिल्या गटात टाकली. तैवानने २००३ मध्ये बंदी आणली. चीनने २००४ मध्ये ग्वांग फांगजी बाद केली आणि तिच्या जागी पूड-फांगजीच वापरा असं सांगितलं. जपानमध्ये हाच शब्द ‘बोई’ असा उच्चारतात आणि तिथल्या औषधकोशात बोई म्हणजे सिनोमेनियम ही पुन्हा वेगळी वेल, सुदैवाने गुळवेलीच्याच कुळातली. त्यामुळे बीजिंगमध्ये आणि टोकियोत एकाच चित्रलिपीतलं नाव दाखवून आजही दोन वेगळी मुळं मिळतात.

तेव्हा कुणी परदेशातून सांधेदुखीची चिनी बाटली आणली तर पुढच्या बाजूचं नाव वाचून भागत नाही. मागच्या बारीक अक्षरांत लॅटिन नाव शोधायचं. स्टेफानिया असेल तर फांगजी ठीक. ॲरिस्टोलोकिया असेल तर बाटली सिंकमध्येही ओतू नका, सरळ फेका. लॅटिन नावच नसेल तर? मी तरी घेणार नाही. आणि अशी औषधं आधीच बरेच महिने घेऊन झाली असतील, तर किडनीच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून क्रिएटिनीन तपासून घ्यावं. दुखत नाही म्हणून थांबू नये, ते वर आलंच आहे.

आता आपल्या कुंपणावरची गोष्ट. ॲरिस्टोलोकिया आपल्याकडेही आहे. ईश्वरी किंवा सापसंद म्हणतात ती वेल, आणि शेताच्या बांधावर जमिनीलगत पसरणारी, उग्र वासाची किडामारी. दोन्ही या गणातल्याच. पहिली साप चावल्यावर, दुसरी जंतांवर, असा गावोगावचा वापर आहे. ग्रीक लोकांनी या गणाला नाव दिलं त्याचा अर्थ ‘उत्तम बाळंतपण’, कारण वाकडं फूल त्यांना गर्भासारखं दिसलं आणि सुईणी ते बाळंतिणीला देत. फुलाच्या आकारावरून औषध ठरवायची ही रीत जगभर होती. सापसंदमध्येही ते आम्ल आहे आणि काढा केल्याने ते निघून जात नाही. साप चावला तर इलाज एकच, प्रतिविषाचं इंजेक्शन असलेलं हॉस्पिटल गाठणं.

म्हणून ती वेल उपटून टाकायची असंही नाही. कॉमन रोझ नावाचं लाल अंगाचं, काळ्या पंखांचं फुलपाखरू तुमच्या परिसरात दिसत असेल तर त्याची अंडी याच वेलींवर असतात. त्याची अळी ही पानं खाते, आम्ल अंगात साठवते, आणि पक्ष्यांना ती चव एकदा कळली की ते पुन्हा त्या लाल रंगाच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉरमॉन या दुसऱ्या फुलपाखराच्या काही माद्या तर विष न खाताच नुसतं कॉमन रोझसारखं रूप घेऊन फिरतात. फुलपाखरांसाठी सापसंद लावलेली असेल तर खुशाल राहू द्या. फक्त घरात कुणी आजी-आजोबा वेलीकडे बघून ‘हिचा काढा चांगला असतो हं’ म्हणाले, तर त्यांना ब्रुसेल्सची हकिकत सांगा.